सावली हवी की सिग्नल?

आपल्या बेळगावात अमेरिकेला जाऊन आलेले आई-वडील आता इतके झाले आहेत की, ‘तिकडं काय काय पाहिलंत?’ असं कोणी विचारतसुद्धा नाही. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, लास व्हेगासचे दिवे. सगळ्यांची यादी एकच आणि फोटोही तेच. म्हणून वाचकहो, आज नायगाऱ्याला सुट्टी. आज मी लिहिणार आहे ते डिश अँटेनाबद्दल. हो, आपण जिला छत्री म्हणतो तीच. पण घराच्या गच्चीवरची नव्हे, तर चाकांवर फिरणाऱ्या घराची.

तिकडं आर. व्ही. नावाचं प्रकरण आहे. मोटारीच्या मागं जोडलेलं किंवा स्वतःचंच इंजिन असलेलं घर. आत ओटा, फ्रीज, पलंग, संडास-बाथरूम सगळं. राष्ट्रीय उद्यानांत आणि गावोगाव या गाड्यांसाठी तळ असतात. तिथं आखून दिलेल्या जागेवर गाडी लावायची. वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडायची की संसार सुरू. काही लोक आठवडाभराच्या सुटीपुरते येतात. पण निवृत्तीनंतर राहतं घर विकून बारा महिने अशा गाडीतच राहणारेही हजारो आहेत. त्यांना तिकडं ‘फुल-टायमर’ म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढं तो लागणार आहे.

लेक-जावयांनी अशी एक जुनी गाडी घेतली आहे, मागं जोडायची. २०२३ च्या जुलैमध्ये आम्ही चौघं तिच्यातून वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात गेलो. गाडीच्या छपरावर आधीच्या मालकानं बसवलेला पांढरा प्लॅस्टिकचा घुमट होता. दिसायला थेट उपडं घातलेलं पातेलं. त्याच्या आत छोटी डिश असते आणि ती मोटारीवर फिरून आपला उपग्रह आपणच शोधते. जावई मोठ्या कौतुकानं म्हणाले, “आई, बटण दाबायचं आणि चहा करायला घ्यायचा. चहा होईपर्यंत टीव्ही लागतो.”

आमचे हे लगेच म्हणाले, “एवढ्या लांब जंगलात येऊन टीव्ही बघायचा? मग टिळकवाडीत काय वाईट होतं?”

हा प्रश्न तिकडंही पुष्कळ लोक विचारतात. त्याच्याकडं नंतर येऊ. कारण त्या दिवशी चहा झाला, पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी छपरावरचं पातेलं आपलं गुरगुरत फिरतच होतं. टीव्हीवर एकच ओळ : उपग्रह सापडत नाही.

कारण डोक्यावर होतं. आमची जागा होती लॉजपोल पाइनच्या दाट राईत. सरळसोट, उंच झाडं. दुपारच्या उन्हात ती सावली इतकी गोड की उठावंसं वाटू नये. जागा सहा महिने आधी राखून ठेवलेली, त्यामुळं बदलून मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि छपरावरच्या डिशचं दुखणं हेच आहे. गाडी जिथं उभी, तिथं डिश उभी. गाडी सावलीत तर डिशही सावलीत. डिशला मोकळं आकाश द्यायचं तर गाडी, आणि गाडीबरोबर तुम्हीही, दिवसभर उन्हात तापत बसा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या दारात नारळ आहे, शेजारी आंबा आहे, तरी आमच्या छत्रीला काही होत नाही. बरोबर आहे. पण यात छत्रीचं कौतुक नाही, बेळगावच्या जागेचं आहे.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो. आर्थर क्लार्क या लेखकानं १९४५ सालीच ही कल्पना मांडून ठेवली होती. उपग्रह खिळलेला आहे म्हणून तर आपली डिश एकदा बसवली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही. आता बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला फक्त सोळाएक अंशांवर आहे. दूरदर्शनची फुकटातली सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो आपल्याला आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच दिसतो. म्हणजे आपली छत्री बऱ्यापैकी आभाळाकडं तोंड करून बसते. ग्रँड टेटन ४४ अंश उत्तरेला. तिथून त्यांचे उपग्रह दक्षिणेला, पण जेमतेम ३९ अंशांवर. डिश जणू मान खाली घालून समोरच्या झाडाकडंच बघत असते.

आकड्यांत सांगायचं तर सत्तर फुटी झाड आपल्याकडं डिशच्या समोर चाळीस फुटांवर असलं तरी किरण त्याच्या शेंड्यावरून निघून जातो. तिकडं तेच झाड पंचाऐंशी-नव्वद फूट लांब हवं. अलास्कात तर उपग्रह क्षितिजाला टेकल्यासारखे असतात, तिथं टेकडीसुद्धा आड येते. आणि पानांतून, फांद्यांतून ‘थोडाफार’ सिग्नल येईल ही आशा व्यर्थ. या लहरींना ओलं पान म्हणजे भिंतच. आषाढात सरींचा जोर वाढला की आपल्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं ना, त्याच जातीची ही अडचण.

मग तळावरचे जाणते लोक काय करतात? ते दुसरी डिश बाळगतात. सुटी, उचलून नेता येणारी. तिच्यातही दोन जाती आहेत. एक आमच्या छपरावरच्यासारखाच बंद घुमट, पण हातात धरायला मूठ असलेला. जमिनीवर मोकळ्या जागी ठेवला, केबल जोडली की तो स्वतः उपग्रह शोधतो. सोपं काम. पण आतली डिश लहान, त्यामुळं पावसात लवकर मान टाकते. शिवाय तिला एका वेळी एकच उपग्रह दिसतो. आत दोन टीव्ही असले आणि नवऱ्याला एका उपग्रहावरचं, बायकोला दुसऱ्यावरचं हवं असलं की भांडणाला निमित्त तयार.

दुसरी जात म्हणजे तिपाईवरची उघडी डिश. हिला मेहनत फार, पण एकदा बसली की चित्र पक्कं. तीन गोष्टी जमवाव्या लागतात : दिशा, उंचीचा कोन आणि डिशचा स्वतःचा तिरपेपणा. त्याआधी तिपाईचा खांब ओळंब्यात हवा. तो कलता असला तर पुढची सगळी मापं खोटी. दिशेसाठी होकायंत्र वापरावं तर त्या भागात चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून दहा अंशांहून थोडी अधिक पूर्वेला सरकलेली असते, ते वजा-बेरजेत धरायचं. इथं एक अंश चुकला की तिकडं आकाशात सहाशे किलोमीटरांहून जास्त फरक पडतो. आता मोबाइलवर अशी सोय आहे की फोन आभाळाकडं धरला तर उपग्रह कुठं आहे तो ठिपका पडद्यावर झाडांमध्येच दिसतो. त्यामुळं काम हलकं झालंय, तरी शेवटचा अर्धा अंश हातानंच, श्वास रोखून सरकवावा लागतो.

आणि तिथंच मला एकदम माहेरचं घर आठवलं. कौलांवर चढलेला भाऊ, खालून आई, आणि मधे अंगणात मी. “आलं का?” “आलं, आलं… गेलं!” “आता?” “मुंग्या दिसताहेत!” ग्रँड टेटनच्या त्या तळावर संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या गाडीमागून अगदी हाच संवाद इंग्रजीतून ऐकू येत होता. फरक इतकाच की एकच आवाज होता. बाहेर एक म्हातारे गृहस्थ डिश थोडी हलवत, मग तीन पायऱ्या चढून आत जाऊन टीव्ही बघत, मग पुन्हा बाहेर येत. विचारायला दुसरं कोणी नव्हतं असं नाही. त्यांची बायको दारातच खुर्चीवर बसली होती. पण ती काही सांगत नव्हती.

जावई मदतीला गेले, मागोमाग मीही. मी त्यांच्या टीव्हीसमोर उभी राहिले आणि ‘आलं-गेलं’चं जुनं काम इमानेइतबारे केलं. डिश त्यांच्या गाडीपासून चांगली चाळीस पावलं लांब, दोन झाडांमधल्या फटीत उभी होती. केबल तीन तुकडे जोडून नेलेली. तिपाईच्या मधोमध पाण्यानं भरलेला कॅन दोरीनं टांगलेला, वाऱ्यानं कलंडू नये म्हणून. केबलवर जागोजागी रंगीत फडकी बांधलेली, कोणी अडखळू नये म्हणून. तुमच्या छपरावर तर चांगली मोठी डिश दिसते, असं जावयांनी म्हटल्यावर ते हसून म्हणाले, “ती वाळवंटात चालते. इथं सावलीत हिला बरं वाटतं, उन्हात ती घाबरी होते. म्हणून गाडी सावलीत आणि डिश उन्हात.”

तिला विसरण्याचा आजार होता. चार वर्षं झालेली. दोघं फुल-टायमर, घर विकून निघाले तेव्हा दुखणं नुकतं कळलं होतं. सगळा देश तिला दाखवायचा असं ठरवून निघाले होते आणि आता दाखवलेलं तिच्या लक्षात राहत नव्हतं. संध्याकाळ झाली की तिची चलबिचल सुरू व्हायची. आपल्याकडंही अशा रुग्णांच्या घरच्यांना ही तिन्हीसांजेची वेळ चांगली ठाऊक आहे. ‘घरी जायचं’ म्हणून ती दाराशी येऊन बसे. घर तर पाठीमागंच होतं आणि तिच्या मनातलं घर विकून चार वर्षं झाली होती.

यावर त्यांना सापडलेला उपाय म्हणजे साडेसहाचा एक कार्यक्रम. ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’. चाक फिरवायचं, अक्षरं सांगायची, लपलेलं वाक्य ओळखायचं, असा अक्षरांचा खेळ. संध्याकाळचा हा कार्यक्रम १९८३ पासून चालू आहे. त्यात फळ्यावरची अक्षरं उघडणारी व्हॅना व्हाइट ही बाई त्याच्याही आधीपासून, १९८२ पासून तिथं आहे. चाळीस वर्षं तोच चेहरा. मुलीचं नाव सुटलं, शेजाऱ्यांचे चेहरे पुसले गेले, पण तो चेहरा दिसला की ही बाई दार सोडून आत यायची आणि अक्षरं मोठ्यानं वाचायची. वाक्य जुळत नसे. पण अक्षरं बरोबर असत.

आता यातली खरी मेख ऐका, कारण डिश जुळवण्याइतकंच हे किचकट आहे. हा खेळ देशभर एकाच वाहिनीवर दिसत नाही. तो त्या-त्या गावच्या स्थानिक वाहिन्यांवर असतो. अमेरिकेत टीव्हीचे असे २१० प्रादेशिक विभाग पाडलेले आहेत आणि डिशवाल्या कंपनीनं तुमच्या विभागाच्याच स्थानिक वाहिन्या तुम्हाला द्यायच्या असा नियम आहे. शिवाय स्थानिक वाहिन्यांचे किरण उपग्रहावरून बॅटरीच्या झोतासारखे छोट्या प्रदेशापुरतेच सोडलेले असतात. बाकीच्या मोठ्या वाहिन्या देशभर दिसतात, पण गाडी तीन-चारशे मैल पुढं गेली की घरच्या गावच्या वाहिन्या मात्र अंधारात. मग कंपनीला फोन करायचा, आता आम्ही अमुक तळावर आहोत म्हणून पत्ता बदलून घ्यायचा, तेव्हा तिथल्या वाहिन्या सुरू होतात. ग्रँड टेटन आहे वायोमिंगमध्ये, पण टीव्हीच्या दृष्टीनं ते शेजारच्या आयडाहो राज्यातल्या आयडाहो फॉल्स विभागात मोडतं. सीमाभागातल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण राहतो कुठं आणि कागदावर मोडतो कुठं, हा हिशेब आपल्या रक्तात आहे.

त्या गृहस्थांकडं एक वही होती. प्रत्येक तळासाठी एक पान. तळाचं नाव, जागेचा नंबर, डिश कुठल्या फटीतून लागली, कंपनीला कुठला पत्ता सांगितला, तिथं तो कार्यक्रम किती नंबरवर आणि किती वाजता लागतो. काही पानांवर फुली होती. म्हणजे तिथं पुन्हा जायचं नाही. डोंगर छान, नदी छान, पण दक्षिणेला आकाश नाही. एखाद्या ठिकाणी डिशनं दगा दिला तर छपरावरची साधी हवेतली अँटेना ते वर करत. जवळच्या गावाचं प्रक्षेपण त्यावर फुकट येतं. २००९ च्या जूनमध्ये तिकडचं सगळं मोठं प्रक्षेपण डिजिटल झालं, त्यामुळं मिळालं तर चित्र स्वच्छ मिळतं, नाही तर काहीच नाही. आपल्या काळच्या मुंग्यासुद्धा नाहीत.

सहा वाजून वीस मिनिटांनी चित्र आलं. मी आतून ओरडले, “आलं!” मराठीतच ओरडले. त्यांना कळलं.

आमचे हे त्या रात्री जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मात्र पाण्याचा कॅन भरायला तेच गेले.

जंगलात टीव्ही हवाच कशाला, या प्रश्नाबद्दल मला आता स्पष्ट सांगायचंय. चार दिवसांच्या सुटीला निघालेल्यांनी डिश घरी ठेवावी. उगाच पैसे आणि केबल दोन्ही वाया. आमच्या छपरावरच्या पातेल्याचा तरी त्या आठ दिवसांत आम्हाला काय उपयोग झाला? समोर टेटनची शिखरं असताना मालिका बघणाऱ्याबद्दल मलाही सहानुभूती नाही. पण ज्यांचं घरच चाकांवर आहे त्यांना हा प्रश्न विचारू नये. आपण संध्याकाळी दिवा लावून बातम्या बघतो तेव्हा आपल्याला कोणी विचारतं का?

आपल्याकडंही हे आहेच, फक्त आपण तिकडं त्या नजरेनं बघत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड मंडळी निपाणी-संकेश्वरच्या भागात उतरतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांच्या रांगेत एखादी छत्री बांबूला तारेनं आवळून बांधलेली मी पाहिली आहे. चार-पाच महिन्यांचा संसार, त्यात भांडी, अंथरूण, शेरडं आणि ती छत्री. दूरदर्शनची ही फुकट सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आणि एकदा डिश-पेटी घेतली की महिन्याचं भाडं नाही, म्हणून ती तिथवर पोचली. डिशच्या तोंडाशी ऊस उभा असला तरी बिघडत नाही. ६१ अंशांचा फायदा त्यांनाही मिळतोच.

आणि बिगरमोसमी म्हणून एक जुनी गोष्टही सांगून टाकते. अमेरिकन उपग्रह आणि आपला सीमाभाग यांचा संबंध आजचा नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेनं आपला एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला दिला होता. देशातल्या सुमारे २,४०० खेड्यांत त्यावरून थेट टीव्ही दाखवला गेला. त्यात आपल्या शेजारचा विजापूर जिल्हाही होता. तिथल्या खेड्यांत लावलेल्या डिश दहा फुटी होत्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. शेतीचं, आरोग्याचं, शाळेतल्या मुलांचं असे कार्यक्रम. गाव सगळा एका टीव्हीसमोर. ती दहा फुटी जाळी तिपाईवर मावेल इतकी लहान व्हायला पुढं वीस-पंचवीस वर्षं गेली.

असो. विषय डिशचा चाललाय तर शेवटी हेही सांगते की तिकडच्या तळांवर आता चित्र बदलतंय. मे २०२२ पासून ‘स्टारलिंक’ची खास आर. व्ही. वाल्यांसाठीची इंटरनेट सेवा मिळू लागली. तिचे उपग्रह एका जागी खिळलेले नाहीत; जमिनीपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास हजारोंनी फिरत असतात. गंमत म्हणजे तिकडं त्या डिशला बहुतेक ठिकाणी उत्तरेकडचं आकाश मोकळं लागतं. त्यामुळं एकाच तळावर जुने लोक दक्षिणेची फट शोधताहेत आणि नवे उत्तरेची. झाडांना मात्र दोघंही वैतागलेले. आमच्या जावयांनी पुढच्याच वर्षी छपरावरचं पातेलं उतरवून ही नवी पाटी घेतली. तिच्यावर हवं ते, हवं तेव्हा बघता येतं. पत्ता बदला, फोन करा ही कटकट नाही.

त्यांनी शेजारच्या त्या गृहस्थांनाही हौसेनं फोनवर हे सुचवलं. नंबर घेतलेला होता. ते म्हणाले, बघितलं, करूनही बघितलं महिनाभर. पण त्यात कार्यक्रम लावायला आधी चित्रांच्या रांगांतून हिंडावं लागतं. मधेच आणखी काहीतरी उघडतं, आणि तेवढ्यात ती उठून दाराशी जाते. डिशवर कसं, साडेसहाला नंबर दाबला की व्हॅना व्हाइट समोर. रिमोटवरची तीनच बटणं त्यांनी उघडी ठेवली आहेत, बाकीच्यांवर पांढरी चिकटपट्टी. कधी कधी ती स्वतः दाबते म्हणाले. त्या आठवड्यात दोनदा दाबलं होतं.

फोन करतेवेळी ते ॲरिझोनात होते. झाडं नाहीत, गाडी उन्हात, पण थंडीचे दिवस असल्यानं ऊन तिला चालत होतं. छपरावरचीच डिश पहिल्या झटक्यात लागली होती.